पैलवानासाठी पट्टी

बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात नंदगडच्या बाजूला आमचं गाव. बसस्टॉपसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स नावालाच, खरा धंदा अर्ज भरण्याचा. उतारा, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गृहलक्ष्मी, आधार दुरुस्ती. निम्म्या गावाचे ओटीपी माझ्या टेबलावर मोठ्यानं वाचले जातात. कन्नड मी धडाधड बोलतो, लिहिताना अडखळतो, पण फॉर्म भरण्यापुरतं येतं. हे सगळं आधीच सांगतोय, कारण पुढं त्याचाच संबंध आहे.

पैलवान माझा शेजारी. त्याचं नाव लिहीत नाही, "लिही, पण नाव नको" असं त्यानंच सांगितलंय. तरुणपणी दोन-चार यात्रांच्या फडात कुस्त्या केल्या, त्यावरून पडलेलं नाव. पोटापाण्याला गेली अकरा वर्षं गवंड्याच्या हाताखाली. वाळू चाळायची, माल कालवायचा, घमेली वर द्यायची. पहाटेच्या बसनं बेळगाव, अंधार पडल्यावर परत.

२०२४चा मे महिना. ७ तारखेला लोकसभेचं मतदान झालं. आमच्याकडं शिवजयंती वैशाखात असते, ती झाली, पाठोपाठ अक्षय तृतीया गेली. ११ मे, शनिवार, पगाराचा दिवस. एका घराच्या दुसऱ्या मजल्यावर बाहेरून गिलावा चालला होता. परांचीची दोरी सुटली. गवंडी खिडकीला लोंबकळून वाचला, पैलवान घमेल्यासकट खाली विटांच्या ढिगावर आला.

मला फोन आला तेव्हा साडेचार वाजले होते. वैनींना गाडीवर बसवून बेळगावला पोचेपर्यंत त्याला एका लहान दवाखान्यातून मोठ्या दवाखान्यात हलवलं होतं. स्ट्रेचरवर तो शुद्धीत होता. मला बघून म्हणाला, "पाय हायत काय बघ रे."

पाय होते. डाव्या पायाची बोटं हलत होती, उजवा फारसा ऐकत नव्हता. रात्री एमआरआय झाला. कमरेच्या वरचा मणका, डॉक्टर त्याला एल-वन म्हणत होते, चेपून फुटला होता आणि एक तुकडा मज्जारज्जूवर टेकला होता. टायटॅनियमचे स्क्रू आणि रॉड घालून मणका धरायचा, दाब काढायचा. शक्यतो दोन-तीन दिवसांत. उशीर झाला तर उजव्या पायाचं सांगता येणार नाही. हलवायचं तर अजिबात नाही. नंतर कित्येकांनी विचारलं, सरकारी दवाखान्यात का नेलं नाही, कोल्हापूरला का नेलं नाही. मणका फुटलेल्या माणसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर न्यायचं काय असतं ते डॉक्टरांनी मला हातानं दाखवलं होतं, एक तुकडा दुसऱ्यावर सरकवून.

आता कागद.

दवाखान्यात योजनेचं टेबल असतं, तिथं आरोग्यमित्र बसतो. कर्नाटकात आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक आहे, बीपीएल कार्ड असेल तर घराला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. मी निर्धास्त होतो. पैलवानाच्या घरात बीपीएल कार्ड नसणार तर कुणाच्या असणार? नव्हतं. भावकी वेगळी झाली तेव्हा जुनं कार्ड थोरल्या भावाकडं राहिलं, याची नावं त्यातून कमी झाली आणि नव्या कार्डाचा अर्ज पडून होता. तो अर्ज माझ्याच दुकानातून गेला होता. पोचपावती माझ्या फाइलीत होती. कार्ड नसलं की माणूस सर्वसाधारण गटात जातो, आणि त्या गटाला सरकार पॅकेजच्या ३० टक्केच देतं. बाकी ज्याचं त्यानं.

महाराष्ट्राची योजना? महाराष्ट्र ज्यांच्यावर हक्क सांगतो त्या ८६५ गावांतलं आमचं गाव. २०२३ साली महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या या गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना जाहीर केली, कर्नाटकानं त्यावर हरकत घेतली. पेपरात दोन्हीकडच्या पुढाऱ्यांचे फोटो आले. दोन सरकारं आमच्यासाठी भांडतात याचं कधी कधी बरंही वाटतं. पण त्या रविवारी सकाळी त्या योजनेतून काही निघालं असतं तर ते दुसऱ्या गावच्या दवाखान्यात आणि आठवड्यानंतर निघालं असतं. मी तो नाद सोडला.

बांधकाम कामगारांचं लेबर कार्ड? इथं मात्र मला थोडं थांबून लिहायला हवं. वय १८ ते ६०, आणि वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम, एवढ्यावर कल्याण मंडळाकडं नोंदणी होते. अपघात, मोठं आजारपण, पोरांची शिष्यवृत्ती, सगळ्याला मदत आहे. हे कार्ड मी दुकानात पुष्कळांना काढून दिलंय. त्यातल्या काहींनी जन्मात घमेलं उचललेलं नाही. शिष्यवृत्ती मिळते म्हणून कुणाकडून तरी ९० दिवसांचा दाखला आणायचे, मी शंभर रुपये घेऊन अर्ज चढवायचो. आणि भिंतीला भिंत लागून राहणारा खरा मजूर, त्याचं कार्ड नाही. त्यानं कधी मागितलं नाही, मी कधी विचारलं नाही. अकरा वर्षांत तो दुकानाच्या वेळेत कधी गावात असायचाच नाही, हे मी स्वतःला सांगून बघितलं. फारसं पटलं नाही.

पासबुकात दर वर्षी २० रुपये कापलेले दिसले, सुरक्षा बीमा योजनेचे. मला वाटलं, २ लाख आले! तो विमा मृत्यूला किंवा कायमच्या अपंगत्वाला. जगणाऱ्या आणि बरा होऊ बघणाऱ्या माणसाला त्यात काही नाही.

मग पुढारी. आठ दिवसांपूर्वी दारात येऊन पैलवानाच्या खांद्यावर हात ठेवणाऱ्यांचे दोन नंबर माझ्याकडं होते. एकानं उचलला नाही. दुसऱ्याच्या माणसानं सांगितलं, निकाल ४ जूनला, तोवर आचारसंहिता, साहेबांना पत्र देता येत नाही. खरं होतं की बहाणा, मला अजून कळलेलं नाही.

दवाखान्यानं हातावर टेकवलेला आकडा, ३० टक्के वजा जाऊन, १ लाख ८५ हजार.

रविवारी संध्याकाळी मी मेसेज लिहायला बसलो. अर्ज भरण्यात आयुष्य गेलं, पण हा मजकूर काही जमेना. पहिला खर्डा वाचून माझी बायकोच म्हणाली, "हे श्रद्धांजलीसारखं वाटतंय." दुसऱ्यात मी "गरीब, होतकरू" वगैरे घातलं. ते वाचून वैनी म्हणाल्या, "भाऊजी, गरीब म्हणू नका. कामावर पडला म्हणा." शेवटी चार ओळी राहिल्या. कोण, कुठं पडला, काय मोडलं, किती लागतात, कधीपर्यंत, खाते क्रमांक, आणि खात्री करायला माझा नंबर. सोबत दवाखान्याच्या अंदाजपत्रकाचा फोटो, त्यावरचा रुग्ण क्रमांक झाकून.

पैलवानाचा फोटो नाही. यावरून बरीच हुज्जत झाली. गावातल्या पोरांचं म्हणणं, फोटो नसला तर कोण पैसे देणार, नळ्या लावलेला एक तरी टाका. एक जण ऑनलाइन निधीच्या साइटवर टाकू म्हणाला. तिथंही पहिल्या पानावर फोटो आणि व्हिडिओच मागत होते, वर देणगीदाराकडून साइटला टिप. वैनींनी एकाच वाक्यात विषय मिटवला, "पोरगी सातवीत हाय, शाळेत सगळ्यांच्या फोनवर बाप दिसायला नको." फोटो असता तर पैसे जास्त आले असते, असं मला आजही वाटतं. तरी तो टाकला नाही ते बरं झालं, असंही वाटतं.

मेसेज गेला आणि पैसे येऊ लागले. पुण्यातल्या कंपन्यांत आमच्या गावची पोरं आहेत, गोव्यात हॉटेलांत आहेत, एक दुबईला आहे. पाचशे, हजार, दोन हजार. सोमवारी दुपारी फोन सुरू झाले, "पैसे परत आले रे." मी बँकेत धावलो. पैलवानाचं जनधन खातं शिबिरात उघडलेलं, पुरे कागद न घेता. असल्या लहान खात्याला मर्यादा असतात. एका वेळी ५० हजारांवर शिल्लक ठेवता येत नाही, वर्षभरात मिळून १ लाखाच्या वर जमा होत नाही. आणि महिन्याला १० हजारांच्या वर काढता येत नाही! खात्यात ४८ हजार येऊन बसले होते आणि त्यातले ३८ हजार आम्हांला फक्त बघायला मिळणार होते.

काउंटरवरचा माणूस म्हणाला, खातेदाराला घेऊन या. म्हटलं, खातेदार पाठीवर झोपलाय, कूससुद्धा बदलता येत नाही. नियम म्हणजे नियम. मागच्या टेबलावर एक तरुण अधिकारी होता, विजापूरकडचा, मराठीचा एक शब्द येत नव्हता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "याव वार्डु?" संध्याकाळी बँक सुटल्यावर तो अंगठ्याचं मशीन पिशवीत घालून वॉर्डात आला. पैलवानाच्या अंगठ्यावर सिमेंटनं रेषाच ठेवल्या नव्हत्या, मशीन तीनदा नाही म्हणालं. चौथ्यांदा अनामिका लागली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खातं मोकळं झालं. मी त्याला चहा पाजायला बघत होतो, तो लिफ्टकडं चालूही लागला होता.

तोवर मी मेसेज बदलून दवाखान्याचंच खातं दिलं होतं. मोठी रक्कम देणाऱ्यांना ते आवडतं, पैसा थेट बिलात जातो. पण ५१ रुपये देणारी आजी रुग्ण क्रमांक घालून पैसे पाठवत नाही. तिला कुणाच्या तरी हातावर ठेवायचे असतात. म्हणून गावात पट्टी काढली. यात्रेला काढतात तशीच, घरटी, गल्लीवार. फरक एवढा की यात्रेची पट्टी ठरलेली असते, ही ज्याची त्यानं ठरवायची. दोनशे पानी वही घेतली. पहिल्या संध्याकाळी वैनींच्या जाऊबाईंनी पाचशे दिले, म्हणजे ज्यांच्याकडं ते कार्ड राहिलं त्याच घरातून. त्यांनी दिले म्हटल्यावर गल्लीतल्या कुणाला मागं राहता येईना. मी दार वाजवताना काय बोलायचं ते पाठ केलं होतं, ते एकदाही लागलं नाही. एका घरातून पैसे नाहीत म्हणून पायलीभर तांदूळ आले. वहीत तेही लिहिले.

शिवजयंतीच्या चित्ररथाच्या खर्चातून मंडळाकडं शिल्लक होती, त्यांनी १५ हजार दिले. खजिनदार पावती मागत होता, मी दिली.

मंगळवारी पहाटे मी मजुरांच्या नाक्यावर गेलो. पैलवान जिथं रोज उभा राहायचा तिथं. बहुतेक जण बैलहोंगल, सौंदत्तीकडचे, कन्नड बोलणारे. सगळ्यांना अपघात ठाऊक होता. एकानं विचारलं, "एष्टु बेकु?" मी आकडा सांगितल्यावर तो हसला. त्या दिवशी काम मिळेल की नाही ठाऊक नसलेल्या माणसांनी वीस, पन्नास, शंभर असे काढले. एका म्हाताऱ्यानं वही माझ्या हातातून घेतली आणि स्वतःचं नाव स्वतः लिहिलं, मग सगळ्यांनीच आपापलं लिहिलं. ७ हजार ३२०. पैसे नसलेल्या दोघांनी विचारलं, रक्त चालतं काय? चाललं. दोन बाटल्या लागणारच होत्या.

राहिला कंत्राटदार. पहिल्या लहान दवाखान्यात त्याच्या माणसानं कागदावर लिहवून घेतलं होतं, "घरी गच्चीवरून पडला." मोठ्या दवाखान्यात तेच वाक्य उतरलं. मी ते रविवारी वाचलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला. घरी पडलेल्या मजुराला कुणीच काही लागत नाही. कामावर पडलेल्याला भरपाई द्यावी लागते, तेव्हा त्याला १९२३चा कायदा होता, दावा करायला दोन वर्षांची मुदत होती. ड्यूटीवरच्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी पैलवानालाच विचारलं, त्यानं जसं झालं तसं सांगितलं, आणि केस पोलिसांना कळवली गेली. हवालदार येऊन जबाब घेऊन गेला.

त्या रात्री कंत्राटदार वॉर्डात आला. हातात मोसंबी. बाहेर बोलावून मला म्हणाला, ४० हजार देतो, पण शंभराच्या बाँडवर "माझी काही तक्रार नाही, सगळं मिटलं" असं लिहून द्या. माझं काय, मला मंगळवारी पैसे भरायचे होते, मी मनातल्या मनात सही करून मोकळा झालो होतो. वैनींनी बाँड घेतला, वाचला, आणि परत दिला. म्हणाल्या, "साहेब, तुमच्याकडनं पैसे मिळाले एवढं लिहून देते. मिटलं असं कसं लिहू? अजून पाय हलंना." तो बराच वेळ फोनवर कुणाशी तरी बोलत जिन्यात उभा होता. पैसे त्यानं दिले, साध्या पावतीवर. त्या माणसालाही पुढचं बिल मालकाकडून यायचं होतं, हे मला नंतर कळलं. त्यानं वाक्य बदललं ते मात्र मी विसरलेलो नाही.

ऑपरेशन मंगळवारी दुपारी झालं. साडेतीन तास.

हिशेब असा. पट्टी ३८,४५०. मंडळ १५,०००. नाका ७,३२०. मेसेजवरून, खात्यात आणि थेट दवाखान्यात मिळून, ७२,१८०. कंत्राटदार ४०,०००. एकूण १,७२,९५०. बिल शेवटी १,९१,६०० झालं, आयसीयूचा एक दिवस वाढला. दवाखान्यातल्या समाजसेविका बाईंनी अर्ज लिहवून घेऊन ८ हजार कमी करवले. ही सोय असते हे मला सहाव्या दिवशी कळलं, पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं. उरलेले १०,६५० माझ्या बायकोनं भिशीतून उचलले. रोज रात्री वहीच्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकत होतो. त्यामुळं "पैसे कुठं गेले" हा प्रश्न आला नाही. आला तो "माझं नाव खाली का लिहिलं" एवढाच.

आणि इथं माझी मोठी चूक झाली. मी ऑपरेशनचे पैसे मोजले, माणसाचे मोजले नाहीत. घरी आणल्यावर हवेची गादी लागली, पाठीचा पट्टा लागला, लघवीची नळी, पिशव्या, आठवड्याला फिजिओथेरपिस्ट, तपासणीला जायचं तर झोपवून न्यायला गाडी. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा. मिळवता हात एकच होता, तो पलंगावर. कर्नाटकात बायकांना बस फुकट, वैनींना तेवढाच काय तो आधार. बेळगावच्या फेऱ्या त्यांनी झिरो तिकिटावर केल्या, ती तिकिटंही त्यांनी डब्यात ठेवली आहेत. मी दुसरा मेसेज टाकला. दोन दिवसांत १,१०० रुपये. ऑपरेशन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं काहीतरी उभं राहतं. गादीला, नळीला कोण पैसे देणार? वर पहिला मेसेज अजून फिरतच होता, जुलैमध्ये सांगलीहून एकाचा फोन आला, "ऑपरेशन झालं काय?" मी झालं म्हटलं, तर म्हणाला, "मग राहू दे."

गादीचे पैसे वैनींनी बायकांच्या बचत-संघातून कर्ज काढून भागवले. दर आठवड्याला हप्ता. तो अजून चालू आहे.

उजवा पाय सप्टेंबरात जमिनीला लागला. दिवाळीला तो वॉकर धरून माझ्या दुकानापर्यंत आला, अकरा वर्षांत पहिल्यांदा दुकानाच्या वेळेत. बाकावर बसला. मी लेबर कार्डाचा फॉर्म काढला. तो म्हणाला, "आता काय करायचंय ते?" ९० दिवसांचा दाखला आता कुणाकडून आणायचा, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. रेशनकार्डाचा अर्ज तेवढा पुन्हा तपासला. प्रलंबित. भरपाईचा दावा खानापूरच्या वकिलांनी घातलाय, तारखा पडतायत.

मग त्यानं वही मागितली. मला वाटलं हिशेब बघायचाय. घरी नेली. दुसऱ्या दिवशी वैनी आल्या, वहीत जागोजागी पेन्सिलीच्या खुणा. आमच्याकडं आहेराची वही असते तशीच त्यांनी ती धरली होती. कुणाकडं कधी लग्न, वास्तुशांत, बारसं येतंय, कुणाला किती न्यायचं. पाचशे दिलेल्या जाऊबाईंच्या भाचीचं लग्न मार्गशीर्षात होतं, तिथं पाचशे जाणार होते. मी म्हटलं, "वैनी, लोकांनी परत घ्यायला दिले नाहीत."

"असू दे की. लिहिलंय म्हटल्यावर फेडायला नको?"

तांदूळवाल्या घरापुढंही खूण होती.

मधली पाच पानं मात्र खुणांविना राहिली होती, नाक्यावरची. वैनींना कन्नड वाचता येत नाही. पोरगीला येतं, शाळेत आहे. ती माझ्याच बाकावर बसून एकेक नाव मराठीत उतरवून काढत होती. काहींनी गाव लिहिलं होतं, काहींनी नुसतं नाव, एकानं नुसता अंगठा. पैलवान दारात वॉकर टेकून उभा होता.

"यांच्या घरी कुठलं लग्न कळणार आपल्याला," वैनी म्हणाल्या.

"नाक्यावर भेटतील की," पैलवान म्हणाला. "जाईन तेव्हा देतो."

पोरगीनं बापाकडं बघितलं, मग पुढचं नाव वाचलं.